कॉलेजच्या जुन्या बिल्डिंगवर दोन मजले चढवतायत, खाली लेक्चर चालूच. नक्की काय विचारू?

परळकरीण: मुलगी अकरावीला आहे, कॉलेजचं नाव घेत नाही. बिल्डिंग सत्तरच्या दशकातली, पॅसेजमध्ये स्लॅबचं प्लास्टर पडून सळया दिसतायत आणि वर दोन मजले चढतायत. ऑफिसात विचारलं तर "सगळ्या परमिशन आहेत मॅडम", झालं. कोणता कागद मागायचा?

साईटवरचा: ताई, नकाशा मंजूर असणं वेगळं आणि खालची बिल्डिंग वजन पेलेल की नाही हे वेगळं. 30 वर्षं उलटली की पालिका कायद्याच्या कलम 353ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट (बिल्डिंगच्या मजबुतीची इंजिनियरकडून तपासणी) लागतंच, तो रिपोर्ट मागा. त्यात कॅटेगरी असते, सी1 म्हणजे रिकामी करून पाडा, सी3 म्हणजे किरकोळ रिपेअर. रिबाउंड हॅमर (हातोडीसारख्या यंत्राने ठोकून), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी सोडून), कोअर (काँक्रीटचा तुकडा काढून) अशा काँक्रीटच्या टेस्ट केल्यात का तेही बघा, काही जण नुसतं फिरून रिपोर्ट लिहितात (पाहिलेत असे). आपल्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज फुगून काँक्रीट बाहेर ढकलतो, मग वरून नवं प्लास्टर मारलं की बिल्डिंग एकदम तरुण! आणि पाया नि कॉलमचा हिशोब नव्या वजनाने परत केलाय का, कॉलमना जॅकेटिंग (भोवती नव्या सळया-काँक्रीटचं वेष्टण) केलंय का, हे विचाराच.

बोरिवली_फास्ट: फायरचं पण बघा. फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. आमच्या पोराच्या कॉलेजात तर जिन्यातच सिमेंटच्या गोण्या रचलेल्या.

मामा_कॅलिफोर्नियावाले: भाची इकडे कम्युनिटी कॉलेजात आहे म्हणून माहिती. 10 मार्च 1933 ला लाँग बीचला भूकंप झाला, शाळा धडाधड पडल्या, संध्याकाळची वेळ म्हणून पोरं वाचली. महिन्याभरात फील्ड अॅक्ट, म्हणजे शाळा भूकंपात टिकतील अशा बांधायचा कायदा, आला, पुढे कम्युनिटी कॉलेजंही त्यात आली. नकाशे राज्याच्या आर्किटेक्ट ऑफिसकडून तपासून घ्यायचे, साईटवरचा इन्स्पेक्टरही त्यांनी मंजूर केलेलाच.

साईटवरचा: तीच तर गोम आहे मामा. इथं ऑडिटवाल्याला कॉलेजच निवडतं, पैसेही तेच देतं. मुंबई भूकंपाच्या झोन 3 मध्ये (मध्यम धोका) आहे, पण भूकंप म्हटलं की लोक हसतात.

परळकरीण: थँक्स सगळ्यांना. रिपोर्ट नाही दाखवला तर?

साईटवरचा: वॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका. आणि चार पालक मिळून जा, एकट्या जाऊ नका.