आपल्या रानातल्या भूछत्रांवरून हस्तकलेचे नमुने कसे काढावेत?

प्रश्न (चोपडा)

नमस्कार मंडळी. मी क्रोशाच्या आणि कापडाच्या शोभेच्या वस्तू करून विकते. सध्या भूछत्राच्या नमुन्यांना चांगली मागणी आहे, पण प्रत्येक गिऱ्हाईक पांढऱ्या ठिपक्यांची लाल टोपीच मागते. ते भूछत्र थंड प्रदेशात बर्च आणि पाइनच्या मुळांच्या साथीने उगवते. सातपुड्यातल्या सागाच्या रानात मी ते कधीही पाहिलेले नाही. गेल्या आषाढात उनपदेवच्या बाजूला गेले असता एका कुजक्या खोडावर राखाडी पंख्यांची दाट रांग आणि वारुळाशेजारी उंच दांड्याच्या छत्र्या दिसल्या, आणि आपल्याकडचे हे एवढे रूप सोडून आपण दुसरीकडचे का विणतो, असे मनापासून वाटले. अडचण अशी की घरी येऊन सुई हातात घेतली की पुन्हा तीच चित्रातली गोल टोपी उतरते. डोळ्यांनी पाहिलेले हातात कसे आणावे?

उत्तर (शहादा)

ताई, आपण बहुधा वरून पाहिले असावे. भूछत्राची खरी कारागिरी खालच्या बाजूला असते. आपण वर्णन केलेले राखाडी पंखे शायझोफायलम या बुरशीचे असावेत. त्यांच्या खालच्या पातळ पट्ट्या कडेला लांबीत दुभंगलेल्या असतात, त्या कोरड्या हवेत आत वळतात आणि पाऊस पडला की पुन्हा उघडतात. मी ही घडण सुती कापडाच्या चुण्यांत उतरवली: प्रत्येक चुणीच्या कडेला मधोमध टीप न घालता ती उघडी ठेवली आणि मागून एकच दोरा ओवला. दोरा ओढला की पंखा मिटतो, सैल केला की फुलतो. वस्तूचा आकार थोडा चुकला तरी चालेल, पण ती कशी वागते हे आधी समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

खोडावर वाढणाऱ्या पट्टेदार बुरशीसाठी तर आपल्याला नवे काही शिकायचीही गरज नाही. गोधडीचे धावदोरे कडेकडून आत एकामागून एक फिरत जातात, तसेच ते पट्टे असतात. जुन्या लुगड्यांचे फिकट-गडद तुकडे त्या क्रमाने लावले की पट्टे आपोआप दिसू लागतात.

उत्तर (शिरपूर)

मी शाळेत चित्रकला शिकवतो. हाताला वळण लागण्यासाठी बीजाणूंचा, म्हणजे भूछत्राच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा घेऊन पाहावा. पूर्ण उमललेल्या छत्रीचा दांडा कापून ती पट्ट्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हात लावू नये. सकाळी छत्री सरळ वर उचलली की मध्यातून निघणाऱ्या शेकडो बारीक रेषा कागदावर उमटलेल्या असतात. काही जातींचे बीजाणू पांढरे असल्यामुळे अर्धा कागद काळा व अर्धा पांढरा घेणे बरे. ठसा बोटाने पुसला जातो. तो पक्का करण्यासाठी चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा फिक्सेटिव्हचा फवारा थोड्या अंतरावरून मारावा. ह्या रेषा कापडावर गिरवून त्यांवर साखळी टाका घालता येतो.

उकिरड्यावर पावसात उगवणाऱ्या नाजूक छत्र्याही पाहाव्यात. त्या काही तासांतच विरघळून काळ्या पाण्यासारख्या होतात, आणि अशा जातींच्या पाण्याची पूर्वी शाई करीत असत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गवतात उगवणारे, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेले क्लोरोफायलम विषारी आहे. त्याचा ठसा हिरवट उमटतो. पण ठशाच्या रंगावरून कोणतेही भूछत्र खाण्याजोगे ठरवू नये. नमुन्यासाठी आणलेले भूछत्र स्वयंपाकघरात ठेवू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

उत्तर (यावल)

वरचे दोन्ही सल्ले मोलाचे आहेत, परंतु गिऱ्हाइकाला लालच हवे असते याचे काय, हा प्रश्न उरतोच. जुन्या झाडाच्या बुंध्याशी गॅनोडर्मा नावाचे भूछत्र उगवते. त्याचा रंग विटकरी लाल, वर लाखेसारखी चकाकी आणि कडेला पांढरी-पिवळी किनार असते. ते विणून द्यावे. आमच्याकडे केळीच्या खोडाचा धागा मिळतो. बाहेरच्या पापुद्र्यांचा धागा जाड व काळसर, तर आतल्यांचा बारीक व उजळ असतो, त्यामुळे किनारीला आतला धागा आणि बुंध्याकडे बाहेरचा वापरला तर रंग न देताही छटा मिळतात. लाल मात्र मधल्या भागापुरताच रंगवावा लागतो.

प्रश्नकर्ती (चोपडा)

सर्वांचे आभार. काल परसातल्या छत्रीचा ठसा घेतला आणि रेषा मोजू लागले, तर काही रेषा कडेपासून निघून मध्यापर्यंत पोहोचतच नाहीत, अर्ध्यावरच थांबतात. मी आजवर क्रोशाच्या टाक्यांतले सगळे खांब सारख्याच उंचीचे विणत होते. आता दोन पूर्ण खांबांमध्ये एक अर्धा खांब घालून नवी टोपी सुरू केली आहे.