इंदूरच्या उन्हाळी संध्याकाळींसाठी फळा-फुलांचा परफ्यूम: विकत कोणता घ्यावा, की घरीच बनवावा?

पलासियावाली
एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी बाहेर पडताना लावायला फळा-फुलांच्या वासाचा परफ्यूम हवा आहे. जायचं असतं ते राजवाडा, छप्पन दुकान, कुणाचं तरी रिसेप्शन आणि शेवटी हमखास सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार. म्हणजे सातपासून बारापर्यंत टिकायला हवा. फळ हवं पण च्युइंगम नको. मोगरा चालेल, पण उदबत्ती वाटायला नको. आणि माहेश्वरी साडीवर डाग पडता कामा नये. दुकानात पट्टीवर आवडलेले दोन परफ्यूम अंगावर तासाभरात नाहीसे होतात आणि मागे नुसता साखरेच्या पाकाचा वास राहतो. असं का होतं? ३० मिलीची बाटली घरी बनवता येईल का? ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आहे.

गंधी_माळवा
ताई, नाहीसं होतं ते फळ. नासपती, सफरचंद, लिची, अननस यांचे वास देणारे रेणू हलके असतात. एसी दुकानात कागदी पट्टीवर ते बराच वेळ रेंगाळतात, आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत मात्र बघता बघता उडतात. त्यातून कातडी कोरडी असली, तर वास धरून ठेवायला तेलकटपणाच नसतो. मागे राहणारा पाक म्हणजे बहुतेक इथाइल माल्टॉल, थेट बुढ्ढी के बालचा वास. १९९२ साली आलेल्या 'एंजल'मध्ये ते भरपूर होतं, आणि तेव्हापासून गोड परफ्यूमांची रांगच लागली. वर्णनात प्रालीन, कॅरॅमल, व्हॅनिला असे शब्द दिसले की ती बाटली डिसेंबरसाठी ठेवायची. 'ला व्ही ए बेल' त्यातलाच. वाईट नाही, पण उकाड्यात अंगावर येतो.

फळांत पीच तेवढं वेगळं. त्याचा वास देणारं गॅमा-अनडेकालॅक्टोन जड असतं आणि तासन्‌तास राहतं. गर्लांच्या 'मित्सुको'त ते १९१९ सालीच वापरलं होतं. म्हणून संध्याकाळभर फळ जाणवायला हवं असेल, तर पीच, जर्दाळू, आलुबुखार या बाजूचं घ्या. नासपती नुसती सुरुवातीच्या झुळकेपुरती. (बाटलीवर 'नासपतीचा अर्क' लिहिलं असलं तरी नासपतीतून अत्तरासाठी तेल निघत नाही, तो वास प्रयोगशाळेतला. संत्रं, लिंबू, बर्गमोट यांचं सालीतून खरोखर तेल निघतं.)

विकत घ्यायचा तर आधी डिओरचा १९९९ चा 'जादोर' हुंगून बघा. नासपती, पीच आणि मोगऱ्याच्या कुळातली फुलं, तळाशी मस्क (कस्तुरीसारखा वास). त्याहून हलका वर्साचेचा 'ब्राइट क्रिस्टल', २००६ चा: डाळिंब, युझू (जपानी लिंबू), पिओनीचं फूल. तो ओ द त्वालेत, म्हणजे सौम्य प्रकारातला आहे, त्यामुळे दहाच्या सुमारास पुन्हा एकदा मारावा लागेल. दहा मिलीची छोटी स्प्रे-बाटली पर्समध्ये पुरे, तिच्यात साधारण शंभर फवारे येतात.

पारख मात्र पट्टीवर नको. एका मनगटावर एक फवारा, मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, आणि दुकानाबाहेर पडायचं. अर्ध्या तासाने एकदा हुंगा, दोन तासांनी पुन्हा. दोन तासांनंतरचा वास आवडला तरच पैसे द्या. एका फेरीत तीनाहून जास्त नकोत, नाक थकतं. थकलंच तर कॉफीच्या बिया शोधत बसू नका, आपल्याच बाहीचा वास घ्या, तेवढं पुरतं.

थेंबथेंब
घरी बनतो. थेंब मोजू नका, वजन करा. प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या वजनाचा पडतो आणि दुसऱ्या बाटलीला पहिलीचा वास येत नाही.

३० मिलीसाठी सुगंधी माल बरोबर ४ ग्रॅम. हेडिओन (मोगऱ्यासारखा हलका वास) १.३, गॅलॅक्सोलाइडचं (हा मस्क) ५० टक्क्यांचं द्रावण ०.८, फिनाइल इथाइल अल्कोहोल ०.५ (हा गुलाब), बर्गमोट ०.५, मोगरा अ‍ॅब्सोल्यूटचं (फुलांतून काढलेला दाट अर्क) १० टक्क्यांचं द्रावण ०.४, गॅमा-अनडेकालॅक्टोनचं १० टक्क्यांचं द्रावण ०.३, हेक्झिल अ‍ॅसिटेटचं (ही नासपती) १० टक्क्यांचं द्रावण ०.२. १० टक्क्यांचं द्रावण म्हणजे १ ग्रॅम माल आणि ९ ग्रॅम अल्कोहोल. जड माल आधी, बर्गमोट सगळ्यात शेवटी. मग परफ्यूमरी ग्रेडचं इथाइल अल्कोहोल २० ग्रॅम. अल्कोहोल हलकं असल्यामुळे त्याचे जवळपास २५ मिली भरतात.

द्रावणं करायचा आळस करू नका. हेक्झिल अ‍ॅसिटेट शुद्ध घातलं, तर एका थेंबात नेलपॉलिश रिमूव्हर होतं. अनडेकालॅक्टोन जास्त झालं, तर पीचऐवजी तुपकट, चिकट वास येतो आणि तो काही केल्या उतरत नाही. मोगऱ्याच्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये इंडोल असतं. ते थोडं असलं तर फूल जिवंत वाटतं, जास्त झालं की डांबराच्या गोळ्या. तुम्हाला उदबत्ती वाटते ती अशा दाट मोगऱ्याला चंदन-व्हॅनिलाची जोड मिळाली की. इथे हेडिओन जास्त ठेवलंय ते त्याच कारणासाठी, त्याने फुलात हवा शिरते. 'ओ सोव्हाज'मध्ये १९६६ साली ते पहिल्यांदा वापरलं गेलं.

बर्गमोट बर्गाप्टेन (उन्हात कातडीला त्रास देणारं द्रव्य) काढलेलंच घ्या, बाटलीवर एफसीएफ लिहिलेलं असतं. साध्या बर्गमोटची अंगावर राहणाऱ्या वस्तूंसाठी मर्यादा ०.४ टक्के आहे, म्हणजे या बाटलीत जेमतेम ०.१ ग्रॅम. त्याहून जास्त झालं आणि अंगावर ऊन पडलं, तर कातडीवर काळे चट्टे उठतात. संध्याकाळी लावणार म्हणून चालेल असं नाही, पाचला निघालात तरी मे महिन्यात ऊन असतंच.

अल्कोहोलच्या जागी सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीन-पाण्याने चिकट आणि गढूळ होतं. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट तर मुळीच नको, त्यात मेथेनॉल असतं. मिसळताना गॅस बंद. काचेची बाटली, घट्ट झाकण, अंधारं कपाट, तीन आठवडे. पहिल्या दिवशी कच्च्या स्पिरिटचा वास येतो म्हणून त्यात आणखी माल ओतू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, खाज किंवा लाली आली तर पुढे जायचं नाही.

जरीकाठ
माहेश्वरीवर थेट फवारा नकोच. अल्कोहोलने रंग फुटू शकतो, जरीचे काठ काळवंडतात, आणि अत्तराचं तेल तर रेशमावर कायमचं बसतं. व्हॅनिला असलेला माल पुढे तपकिरी होतो, त्याचा डाग फिकट कापडावर आठ दिवसांनी उगवतो. फवारा ब्लाउजच्या सुती अस्तरावर आतून मारा, तोही ब्लाउज घालायच्या दहा मिनिटं आधी. सुती कापडावर वास अंगापेक्षा जास्त टिकतो. मोत्यांची माळ नंतर घाला.

अंगावर लावायचं तर आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि फवारे मानेच्या मागे, कोपराच्या आत. मनगटावर सराफ्याच्या दिवशी नको. भुट्ट्याच्या किसाची प्लेट नाकाशी धरलीत की मनगटाचा परफ्यूम घासाघासाला आडवा येतो! शिवाय तिथे जिलबी आणि साजूक तुपाचा वास हवेत भरलेला असतो, गोड परफ्यूम त्यात विरघळून जातो. आंबटसर फळ आणि स्वच्छ मस्क तेवढे वेगळे कळतात.

गजरा माळणार असाल, तर त्या दिवशी मोगऱ्याचा परफ्यूम नको. खऱ्या फुलापुढे तो खोटा पडतो, पीच लावा. आणि मेचा हिशोब जुलैत चालवू नका. कोरड्या हवेत चार फवारे ठीक, दमट हवेत तोच परफ्यूम दोनांतच शेजारच्या टेबलापर्यंत जातो.

पलासियावाली
अ‍ॅब्सोल्यूट महाग पडतं म्हणून बाजारातलं मोगऱ्याचं अत्तर अल्कोहोलमध्ये घालून बघितलं. दुधासारखं झालं आणि तळाशी तेलाचे मणी बसले. हलवलं की पुन्हा दूध. गाळून चालेल?

थेंबथेंब
नाही. ते अत्तर लिक्विड पॅराफिनवर केलेलं दिसतंय. पॅराफिन अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, कितीही हलवा. कनौजचं देग-भपक्यात (वाफेवर अर्क काढायच्या भांड्यांत), चंदनाच्या तेलावर उतरवलेलं अत्तर विरघळतं, पण त्याचा भाव तुमच्या अ‍ॅब्सोल्यूटच्या खाली येणार नाही. पुढच्या वेळी आधी काचेच्या कुपीत एक थेंब अत्तर आणि वीस थेंब अल्कोहोल घालून बघा. पारदर्शक राहिलं तरच बाटलीत.

नुसतीच फिकट धुरकट झाक असती, तर गोष्ट वेगळी होती. ती पाण्यामुळे किंवा मोगऱ्यातल्या मेणामुळे येते. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून गारच असताना कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळली की निघते. तुमच्या बाटलीतलं अल्कोहोल वाया गेलं समजा. राहिलेलं अत्तर तसंच कानामागे लावायला वापरा, ४ ग्रॅमच्या मापातला मोगरा वगळा आणि तेवढे ०.४ ग्रॅम हेडिओनमध्ये वाढवा. मोगरा कानामागून येईल, पीच बाटलीतून.

जरीकाठ
आणि ती बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेच्या उन्हात गाडी तापली की सगळ्यात आधी फळच मरतं.