एक्सडीएस आणि मॉसफ्लमचं ओरिएंटेशन जुळत नाही

मालवणची पोर
लायसोझाइमचा टेट्रागोनल क्रिस्टल. युनिट सेल (क्रिस्टलमध्ये परत परत येणारा डबा) ७९, ७९, ३८ आंगस्ट्रॉम, तरंगलांबी ०.९७९. एकाच सेटच्या एक्स-रे डिफ्रॅक्शन इमेजेस एक्सडीएस आणि आयमॉसफ्लम (म्हणजे मॉसफ्लमच) या दोन्ही प्रोग्रॅममध्ये प्रोसेस केल्या. सेल दोन्हीकडे तोच, इंडेक्सिंगही (ठिपक्यांना क्रमांक देणं) स्वच्छ. पण मॉसफ्लमच्या मॅट फाइलीतला यू मॅट्रिक्स (क्रिस्टल कसा वळलाय ते सांगणारा) आणि एक्सडीएसच्या जीएक्सपार्म फाइलीतल्या अक्षांवरून काढलेला यू, दोघांचा काही मेळ नाही. एक्सडीएसला बीम ० ० १ आणि रोटेशन ॲक्सिस १ ० ० दिलाय. मॉसफ्लममध्ये बीम एक्सवर, स्पिंडल (म्हणजे रोटेशन ॲक्सिस) झेडवर, म्हणून एक्स-झेडची अदलाबदल करून पाहिली. तरी नाही. गणपतीला घरी आलेय, नेट येतं-जातं, लॅबमधल्या कुणाला गाठणं कठीण. दोन्ही प्रोग्रॅमना एकच लॅटिस (क्रिस्टलची जाळी) सापडलंय हे दाखवायचं कसं?

बीमटाइम नाही
हाताने कशाला? डायल्स या तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्सडीएसचा निकाल इम्पोर्ट कर आणि मॉसफ्लम फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट कर. फ्रेम (एक्स, वाय, झेडची मांडणी) तोच बदलून देतो.

वेंगुर्लेकर
अगो, यू कित्याक जुळवतंस? यू हा बी मॅट्रिक्स (सेलची मापं सांगणारा) कसा मांडलाय त्यावर ठरतो. बुसिंग-लेव्ही (१९६७) पद्धतीत ए-स्टार (रेसिप्रोकल, म्हणजे व्यस्त जाळीचा अक्ष) एक्सवर धरतात, पीडीबीच्या (प्रोटीन डेटा बँक) पद्धतीत सेलचा खरा अक्ष ए. तुझा टेट्रागोनल, तिथे बी कर्णरेषेवरच असतो म्हणून वाचलीस. मोनोक्लिनिक असता तर त्यातच चतुर्दशी उजाडली असती. खरे अक्ष जुळव.

अदलाबदलीचं म्हणशील तर एक्स आणि झेड नुसते बदलले की डिटरमिनंट -१ येतो, म्हणजे उजवी फ्रेम डावी झाली. वायचं चिन्हही उलटव: एक्सडीएसचा (एक्स, वाय, झेड) मॉसफ्लममध्ये (झेड, -वाय, एक्स). रोटेशन ॲक्सिस -१ ० ० दिला असशील तर हे लागू नाही, पुन्हा मांडावं लागेल.

मॅट फाइलीतल्या पहिल्या तीन ओळी म्हणजे ए मॅट्रिक्स (यू गुणिले बी), आणि त्यात तरंगलांबी गुणलेली असते. त्याचा इन्व्हर्स घे, ०.९७९ ने गुण. ओळी म्हणजे ए, बी, सी अक्ष. पहिल्या ओळीची लांबी ७९ ऐवजी ८०.७ आली तर गुणायचं राहिलंय. जीएक्सपार्ममध्ये अक्ष सरळ आंगस्ट्रॉममध्येच दिलेत, तेही न फिरवलेल्या क्रिस्टलचे, म्हणून सुरुवातीचा कोन त्यात मिसळू नकोस.

आता मॉसफ्लमच्या खऱ्या अक्षांचा मॅट्रिक्स (ओळीत) गुणिले एक्सडीएसच्या फ्रेम बदललेल्या रेसिप्रोकल अक्षांचा मॅट्रिक्स (स्तंभात). लॅटिस एकच असेल तर उत्तरात ०, १, -१ च्या अगदी जवळचे आकडे येतात आणि डिटरमिनंट +१. तुझ्या क्रिस्टलच्या सिमेट्रीत, म्हणजे पॉइंट ग्रुप ४२२ मध्ये, फिरवण्याच्या ८ क्रिया आहेत. प्रत्येक प्रोग्रॅम त्यातली आपल्या मर्जीची उचलतो, त्यामुळे थेट तुलना फसते. ०.४, ०.७ असले आकडे दिसले तर फ्रेममध्येच घोळ आहे, सिमेट्री तपासत बसू नकोस.

बीमटाइम नाही यांचा मार्गही बरोबर. पण यू बघायची सवय तिथेही सोड. डायल्सचा झेड क्रिस्टलकडून सोर्सकडे जातो, म्हणजे बीम ० ० -१. एक्सडीएसवरून तिथे जाताना वाय आणि झेड दोन्हींची चिन्हं उलटतात.

मालवणची पोर
काका, ओळी आल्या: (०, १, ०), (-१, ०, ०), (०, ०, १). बाकीचं दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर. -१ चालेल ना?

वेंगुर्लेकर
चालेल. चौपदरी अक्षाभोवतीचं ९० अंशांचं फिरवणं आहे. एक्सडीएसमधला ठिपक्याचा क्रमांक (एच, के, एल) मॉसफ्लममध्ये (के, -एच, एल). ४२२ मध्ये दोन्ही समतुल्य, मर्ज करताना काही करायला नको. हेच पॉइंट ग्रुप ४ असतं आणि (के, एच, -एल) आलं असतं, तर मात्र रीइंडेक्स केल्याशिवाय (क्रमांक बदलून घेतल्याशिवाय) दोन डेटासेट एकत्र करायचे नाहीत.