कुंभार्ली चढताना मिसिंग, घाटमाथ्यावर चहा झाला की गाडी ठीक! काय असेल?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिली पंधरा उत्तरं 'विकून टाका' नाहीतर 'आमच्याकडे तीच आहे, एक नंबर चालते' अशी येतात. विकायची नाही. वडिलांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली आहे.

त्रास असा. कराडहून चिपळूणला बहिणीकडे जाताना गाडी लोण्यासारखी जाते. परत येताना पोफळी सोडली आणि कुंभार्ली घाट लागला की चौथ्या-पाचव्या वळणावर झटके, म्हणजे मिसिंग सुरू. थर्डला पाय दाबला की भुर्र-फट्-भुर्र, पिकअप नावाला नाही. सेकंडला टाकली की रडत रडत चढते आणि मागे एसटी हॉर्न मारत असते. घाटमाथ्यावर गरम झालेलं इंजिन अर्धा तास थंड होऊ देतो, चहा घेतो, निघालो की काही झालंच नाही अशी चालते. पावसाळ्यात हमखास, उन्हाळ्यात कधीतरी. आणि गॅरेजच्या दारात नेली की एकदम शहाणी. डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दात दुखायचा थांबतो ना, तसं.

आतापर्यंत प्लग चारही नवे टाकले, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घेतली. ७,४०० गेले, फरक शून्य. आता एक गॅरेजवाला म्हणतो पेट्रोल पंप बदला, दुसरा म्हणतो कॅटॅलिटिक (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) चोक म्हणजे तुंबला आहे, फोडून आतलं काढून टाकू. ब्लूटूथवालं स्वस्तातलं स्कॅनर मागवलं, तर ते गाडीला कनेक्टच होत नाही. काय करावं?

मोकळा_सायलेन्सर:
ई२० पेट्रोल, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. दुसरं काही नाही. जुन्या गाड्यांची वाट लावली त्याने.

दहाअकरा:
इथेनॉलला सगळं चिकटवू नका भाऊ. जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही आणि त्यात पाणी धरलं जातं हे खरं. पण पेट्रोल खराब असेल तर ते चिपळूणला जातानाही खराबच असणार.

कोयनाकाठ, एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या बघतो. स्कॅनर परत करता आलं तर करा. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून स्कॅनरला सांगायची सोय, सक्तीची झाली २०१० पासून. २००५ च्या गाडीत ते सॉकेट असलंच तरी त्याची भाषा तुमच्या स्कॅनरला कळेलच असं नाही. तेव्हा कान आणि डोळे. आधी तीन गोष्टी सांगा.

एक, झटके बसतात की दम तुटतो? पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू मरते, दमेकऱ्याला जिना चढायला लावल्यासारखी. ठिणगी चुकली तर लाथ बसते. दोन, त्या वेळी आरपीएमचा काटा कसा असतो? तीन, टाकी किती भरलेली असते?

आणि कॅटॅलिटिकला कुणाला हात लावू देऊ नका. ते चोक असेल तर गाडी जोर धरत नाही, पण लाथा मारत नाही.

कोयनाकाठ:
लाथाच. स्टिअरिंगपर्यंत जाणवतात. काटा थरथरतो पण खाली पडत नाही. टाकी निम्म्याच्या वर असते, चिपळूणला भरूनच निघतो.

सावर्डेकर:
क्रँक सेन्सर (इंजिनचा फिरता दांडा कुठे आहे ते सांगणारा) बघितला का? आमच्या गाडीचा गरम झाला की गाडी बंद पडायची, थंड झाली की चालू.

दहाअकरा:
सावर्डेकर, क्रँक सेन्सर गेला की इंजिन अख्खं बंद पडतं आणि काटा गपकन शून्यावर येतो. यांची गाडी तीन सिलिंडरवर का होईना, चढतेय.

कोयनाकाठ, तुमचं पहिलं पोस्ट परत वाचलं. तुम्ही म्हणता गाडी गरम झाली की मिसिंग आणि चहानंतर ठीक. अहो, कराड ते कोयनानगर नदीकाठचा सपाट रस्ता, पुढे जाताना घाट उतरायचा. म्हणजे जोराचा चढ तुम्हाला पहिल्यांदा लागतो तो पोफळीनंतरच. आणि घाटमाथ्यावरून हेळवाककडे निघाल्यावर चढ राहतोय कुठे? गाडी चहाने बरी होत नाही. चढ संपतो म्हणून बरी होते.

चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो. त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला कॉईलला (बॅटरीचे व्होल्ट वाढवून प्लगला देणारा भाग) जास्त व्होल्ट चढवावे लागतात. व्होल्ट चढले की वीज सोपी वाट शोधते. प्लगच्या वायरीला केसाएवढी चीर असेल, तर ठिणगी आत पडायच्या ऐवजी तिथून इंजिनच्या बॉडीला पडते. वर पावसाची ओल. गॅरेजच्या दारात गाडी उभी करून नुसती रेस दिली तर हा भार येतच नाही, मग दुखणं दिसणार कसं?

प्लग नवे टाकलेत, वायरी कधी बदलल्या? तुमच्या कॉईलची जोडी असणार, १-४ एक आणि २-३ एक. कॉईल गेली तर दोन सिलिंडर मिळून बोंबलतात. एकच बोंबलत असेल तर वायर, प्लग नाहीतर इंजेक्टर. प्लग काढून रंग बघा.

कोयनाकाठ:
वायरी? कंपनीतून आल्या त्याच असाव्यात.

आज प्लग काढले. तीन छान फिकट विटकरी, दोन नंबरचा काळा आणि ओला, पेट्रोलचा वास. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी उभी काळी रेघ आहे. आणि ज्या खड्ड्यात तो प्लग बसतो तिथे बोटभर ऑईल साचलेलं. पण मल्टिमीटरने चारही वायरी मोजल्या, सगळ्या ५ ते ७ किलोओहमच्या आत. म्हणजे वायर चांगली ना?

दहाअकरा:
मल्टिमीटर आतली तार तुटली का ते सांगतो. वरचं रबर फुटलंय का ते त्याला कळत नाही, त्याच्याकडे नऊ व्होल्टची बॅटरी आणि इथे हजारोंचा मामला. ती काळी रेघ म्हणजे ठिणगी बाहेरून घसरल्याची खूण आहे. ऑईल टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) पॅकिंगमधून येतंय, त्याने वायरीचं बूट, म्हणजे टोकाचं रबरी टोपण, फुगून सैल होतं.

रात्री अंगणातला दिवा बंद करा, बॉनेट उघडा, गाडी चालू ठेवा. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या आणि वायरींवर हलकं धुकं मारा. बाह्या वर करा, पट्ट्यापासून हात लांब. चालू गाडीत वायर हाताने उपटायची नाही, तुम्हालाही बसेल आणि कॉईललाही. काय दिसलं ते कळवा. आणि तोवर घाटात नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये जाऊन तिथे पेटतं, मग ते खरंच वितळून चोक होईल आणि तुमचा दुसरा गॅरेजवाला खरा ठरेल.

कोयनाकाठ:
दिसलं!! मुलगा बाटली मारत होता, मी वाकून बघत होतो. दोन नंबरची वायर जिथे पत्र्याच्या क्लिपला टेकते तिथे निळी ठिणगी, टक् टक् टक्, घड्याळासारखी. तेवढ्यात इंजिन अडखळलं. वायर काढून वाकवून पाहिली तर क्लिपने घासून रबराला नखाएवढी खाच पडलेली. ती बाजू खाली असायची, दिवसा दिसलीच नसती. बायको खिडकीतून म्हणाली, दिवाळी लवकर आली का.

दहाअकरा:
चारही वायरींचा सेट घ्या, एकच नको. दोन नंबरचा प्लगही फेका, ती रेघ पुसून जात नाही, नवी वायर टाकली तरी ठिणगी जुन्या वाटेनेच जाईल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग प्लगच्या रिंगांसकट.

कोयनाकाठ:
उशिरा लिहितोय, माफ करा. वायरींचा सेट, एक प्लग, पॅकिंग, मजुरीसकट २,१०० झाले. क्लिपवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. काल धो धो पावसात चिपळूणहून आलो. पोफळी ते घाटमाथा थर्डमध्ये, एकही झटका नाही. चहाला सवयीने थांबलो.

एक शंका राहिली. कॉईलचं प्लास्टिक पांढरट पडलंय, तेही बदलू का?

दहाअकरा:
चीर नसेल तर नको. पुन्हा रात्री बाटली मारून बघा, निळं दिसलं तर बदला.