आधी नवा जन्म की आधी विश्वास?

ख्रिस्ती धर्मशास्त्रातला हा जुना वाद: देव आधी माणसाचं मन पालटतो (नवा जन्म) की माणूस आधी विश्वास ठेवतो? यात डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसचे लोक तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं, श्रेय देवाऐवजी माणसाला देतात, असं कोणीतरी ठोकून दिलंय. असं अजिबात नाही. 1610 साली त्याच्या अनुयायांनी मांडलेल्या पाच कलमांतच आहे की देवाच्या कृपेशिवाय माणसाच्या हातून काहीच चांगलं होत नाही. भांडण आहे ते ती कृपा नाकारता येते का, यावर. येते, असं ते म्हणाले. नेदरलँड्समधल्या डॉर्टला 1618-19 मध्ये भरलेल्या, कॅल्विनच्या मताच्या चर्चसभेने ते फेटाळलं. म्हणून कॅल्विनच्या परंपरेत नवा जन्म आधी आणि विश्वास त्याचं फळ, तर आर्मिनियसच्या बाजूच्या वेस्लीकडे, म्हणजे मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाकडे, क्रम उलटा.

मुंबईत दोन्ही घराणी नांदतात. मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये आले ते स्कॉटिश मिशनचे, म्हणजे पहिल्या, कॅल्विनच्या गटातले; मेथडिस्ट दुसऱ्या. आमच्या भायखळ्याच्या प्रार्थनासभेत मात्र एक मावशी मुलासाठी "प्रभू, तूच त्याचं मन बदल" म्हणून रडतात आणि घरी गेल्यावर त्यालाच "अरे, आता तरी ठरव काहीतरी" म्हणून झापतात. (पाळकांनाही यात काही खटकत नाही!)

राहिला "कोणाला तारायचं याची देवाची निवड आधीच झालीय तर सुवार्ता सांगायची कशाला" हा प्रश्न. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 9 व्या अध्यायात निवडीबद्दल लिहिणारा पौलच 10 व्यात विचारतो, सांगणारा नसेल तर लोक ऐकणार कसे? नुसता 9 वा फेकून मारणाऱ्यांनी पान उलटावं.