मधुमेही मुलीसाठी वेगळा स्वयंपाक करावा का?

प्रश्न
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान चार महिन्यांपूर्वी झाले. तेव्हापासून मी तिच्यासाठी ‘शुगर फ्री’ बिस्किटे आणि मधुमेहींसाठीचे खास पीठ आणते. किराण्याचा खर्च फार वाढला आहे आणि जेवताना ती धाकट्या भावाच्या ताटाकडे पाहत राहते, हे मला सहन होत नाही. कमी खर्चात तिचे पोषण कसे सांभाळावे?

प्रतिसाद १
ती बिस्किटे आधी बंद करा. त्यांत साखर नसली तरी मैद्यातील कर्बोदके असतातच, त्यांच्यासाठी इन्सुलिन द्यावेच लागते, आणि साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या माल्टिटॉलसारख्या गोड पदार्थांनी काही मुलांचे पोटही बिघडते. आमच्या मुलाला मधुमेह होऊन सहा वर्षे झाली. वाचलेल्या पैशांतून आम्ही ग्रॅममध्ये मोजणारा लहान वजनकाटा घेतला. त्याच्याइतकी उपयोगी वस्तू आमच्या स्वयंपाकघरात दुसरी नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. डॉक्टरांनी समजा १४ ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन असे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेवढ्या भातासाठी दोन युनिटे लागतील. हा हिशेब अंगवळणी पडला की सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक पुरतो.

प्रतिसाद २
वरील मताशी मी, आहारतज्ज्ञ म्हणून, पूर्ण सहमत आहे. फक्त भीतीपोटी धान्य तोडू नका, कारण वाढत्या वयात त्याची गरज असते. डाळी आणि कडधान्ये स्वस्त असून त्यांतील तंतू व प्रथिनांमुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते. मात्र त्यांतील कर्बोदकेही मोजावीत. जोडीला अंडी, दूध आणि त्या त्या मोसमातील भाज्या असाव्यात. फळ रस न काढता अख्खे द्यावे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. साखर अचानक उतरली तर काय द्यावे?

प्रतिसाद १
रक्तातील साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास ग्लुकोज किंवा पाण्यात विरघळवलेली साधी साखर द्यावी. ३० किलो वजनाच्या मुलाला सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, पुरते. चॉकलेट नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. साखरेची पुडी कुठे ठेवली आहे, हे धाकट्या भावालाही दाखवून ठेवा.