कप आत असताना संबंध?

पाळीचा कप आत असताना संबंध ठेवले तर चालतात का, यावर "बिनधास्त, काही होत नाही" म्हणणाऱ्यांशी मी अर्धीच सहमत आहे. नेहमीचा घंटेच्या आकाराचा कप योनिमार्ग अडवून बसतो. लिंगप्रवेश होणार असेल तर तो आधी काढायलाच हवा. बाहेरून स्पर्श, मुखमैथुन वगैरेला तो आत राहिला तरी हरकत नाही.

चालते ती डिस्क, म्हणजे पाळीचं रक्त साठवणारं कपासारखंच दुसरं साधन. ती पसरट असते, गर्भाशयाच्या मुखाखाली आडवी बसते आणि तिची पुढची कड जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) मागे अडकते, म्हणून वाट मोकळी राहते. तरी जोडीदाराला कड जाणवू शकते, आधी सांगून ठेवलेलं बरं.

कप काढताना देठ धरून ओढू नका. तळ चिमटीत दाबून आतली पकड सुटू द्या. तांबी बसवलेली असेल तर हे फारच जपा, तीही सरकू शकते.

आणि हो, कप काय, डिस्क काय, दोन्ही गर्भनिरोधक नव्हेत. पाळीतही दिवस राहू शकतात. संसर्गाचा धोकाही असतोच, तेव्हा कंडोम हवा. वंगण पाण्याच्या बेसचं घ्या. घरात हाताशी असतं खोबरेल, पण त्याने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटतो.